घरगुती हवामान-इशारा रेडिओ : उगम, संदेशाचा मायना व यंत्राची निवड

१. विषयप्रवेश

हस्तलिखितें व जुने कागद यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींपुढें एका रेडिओयंत्राचा इतिहास मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या यंत्राविषयीं आम्ही लिहीत आहों, तें करमणुकीचें यंत्र नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक घरांतून उशाशीं ठेवलेलें हें यंत्र एरवीं मुकें असतें. वादळ, महापूर किंवा तत्सदृश संकट त्या प्रदेशावर येत असल्याचा सरकारी संदेश आला म्हणजे मात्र तें मोठ्यानें ओरडून निजलेल्या मनुष्यास जागें करतें. हा संदेश कोणाकडून आला, कशाविषयीं आहे, कोणत्या मुलखास उद्देशून आहे, केव्हां निघाला व किती वेळ अंमलांत राहणार, या सर्व गोष्टी संदेशाच्या आरंभीं सांकेतिक रूपानें दिलेल्या असतात. यंत्र तो आरंभ वाचतें आणि संदेश आपल्याच मुलखाचा आहे असें ठरल्यावरच घरधन्यास हांक मारतें. मायना, मित्ति, शिक्का व मोर्तब पाहिल्याखेरीज कागदावर विश्वास न ठेवण्याची जी आपली रीत, तीच या यंत्राचीही रीत होय.

तथापि 'हवामान-रेडिओ' या नांवाखालीं विकलीं जाणारीं सर्वच यंत्रें ही रीत पाळतात असें नाहीं. म्हणून निवडीचा प्रश्न उत्पन्न होतो. आणि ही रीत कशी घडली हें कळल्यावांचून तो प्रश्न नीट सुटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आधीं इतिहास व मग व्यवहार असा क्रम आम्ही त्याच कारणास्तव धरिला आहे.

२. इशाऱ्याचीं जुनीं साधनें व त्यांची कसोटी

संकटाचा इशारा देणाऱ्या कोणत्याही साधनाची परीक्षा तीन गोष्टींवरून करावी असें आमचें मत आहे. तें निजलेल्यास जागें करतें काय. ज्याचा संबंध नाहीं त्यास सोडून ज्याचा आहे त्यासच गांठतें काय. आणि काय घडत आहे व काय करावें हें स्पष्ट सांगतें काय.

आपल्याकडील दवंडी तिसऱ्या कसोटीस पूर्ण उतरते, कारण तींत मजकूर असतो. पण ती दवंडीवाल्याच्या पायांइतकीच वेगवान. गडावरील तोफ पहिल्या कसोटीस उतरते. पावनखिंडीच्या प्रसंगीं विशाळगडावरून होणाऱ्या तोफांच्या बारांची जी कथा परंपरेनें चालत आली आहे, तींत तोफेचा उपयोग नेमका असाच आहे. परंतु तोफ एकच गोष्ट सांगते, आणि तीहि आधीं ठरलेली असावी लागते. बंदरांवर दिवसा दाखविण्याचीं चिन्हें व रात्रीं लावण्याचे दिवे यांत निरनिराळ्या अर्थांची सोय झाली. पण जो बंदराकडे पाहत आहे त्यासच तीं दिसणार.

आपल्या देशांत या शेवटच्या साधनाचा इतिहास जुना आहे. कलकत्त्यांतील हेन्री पिडिंग्टन यांनीं इ. स. १८४८ मध्यें 'सायक्लोन' हा शब्द प्रचारांत आणिला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळांत सहस्रावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं, व पुढील वर्षीं त्या बंदरासाठीं वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था झाली. इ. स. १८७५ मध्यें हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन होऊन एच. एफ. ब्लॅनफर्ड हे त्याचे प्रमुख झाले. पण हे सर्व इशारे बंदरास, गलबतास व कचेरीस होते. घरांत निजलेल्या गृहस्थापर्यंत ते जात नव्हते.

३. अमेरिकेंतील पूर्वपीठिका

अमेरिकेंत हवामानाचें सरकारी काम ९ फेब्रुवारी १८७० च्या ठरावानें लष्कराच्या सिग्नल खात्याकडे गेलें, व त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबर रोजीं २४ ठाण्यांवरून एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन तीं तारायंत्रानें पाठविण्यास प्रारंभ झाला. तेथील मैदानी मुलखांत टॉर्नेडो नांवाचें वादळ वारंवार होतें. ढगापासून भूमीपर्यंत लोंबणाऱ्या सोंडेसारखें हें वादळ थोड्याच रुंदीच्या पट्ट्यांतून जातें, पण त्या पट्ट्यांत कांहींही उभें ठेवीत नाहीं. सिग्नल खात्यांतील जॉन पार्क फिन्ली यांनीं १८८० नंतरच्या दशकांत या वादळांचा कसून अभ्यास केला व १८८४ मध्यें त्यांच्या भाकितांचे प्रयोगही केले.

यानंतर जें घडलें तें इतिहासाच्या अभ्यासकानें अवश्य लक्षांत घ्यावें. भाकितामुळें लोकांत जी घबराट होईल ती वादळाहून अधिक हानि करील, या समजुतीनें त्याच दशकाच्या उत्तरार्धांत सरकारी अंदाजांत 'टॉर्नेडो' हा शब्द वापरण्याची मनाई झाली. १९३८ साली ती थोडी सैल झाली, पण लोकांसाठींच्या अंदाजांत त्या शब्दाविषयींचा संकोच पुढेंही टिकला. म्हणजे सुमारें सहा दशकें ज्या संकटाचा धोका सर्वांस ठाऊक होता, त्याचें नांवच सरकारी कागदांत येत नसे. जुन्या अंदाजांत तो शब्द आढळला नाहीं म्हणून वादळें होत नव्हतीं असें अनुमान कोणीं काढल्यास तें किती चुकीचें ठरेल, हें निराळें सांगणें नको.

ही मनाई मोडण्यास एक योगायोग कारण झाला. २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमा संस्थानांतील टिंकर येथील हवाई तळावर टॉर्नेडो येऊन विमानांची फार नासाडी झाली. तेथील हवामान-अधिकारी अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर यांस या वादळांचें भाकीत करतां येईल काय याचा तपास करण्यास सांगण्यांत आलें. पांचच दिवसांनीं, २५ मार्च रोजीं, हवेची स्थिति पूर्वीच्या दिवसासारखीच दिसल्यावरून त्यांनीं टॉर्नेडोचा इशारा दिला, व त्याच सायंकाळीं टॉर्नेडो पुनः त्याच तळावर आला. हा लष्करी इशारा होता. परंतु त्यानंतर नागरी हवामान खात्यावरील दडपण वाढलें. १९५० मध्यें खात्याचे प्रमुख फ्रान्सिस रायकेल्डर्फर यांनीं परिपत्रक काढून अशा भाकितांस बंदी नसल्याचें स्पष्ट केलें.

४. युद्धभय आणि रेडिओच्या तबकडीवरील त्रिकोण

इशारा देण्याची परवानगी मिळाली, तरी तो घरांत कसा पोंचवावा हा प्रश्न राहिलाच. त्याचें पहिलें उत्तर वादळाच्या भीतीनें नव्हे, तर युद्धाच्या भीतीनें दिलें. १९५१ मध्यें 'कॉनेलरॅड' नांवाची योजना अमलांत आली. शत्रूच्या विमानांस ध्वनिक्षेपणाच्या आधारें दिशा शोधतां येऊं नये म्हणून संकटकाळीं इतर सर्व केंद्रें बंद करून ६४० व १२४० किलोहर्ट्झ या दोनच स्थानांवर सूचना द्यावयाच्या, असा तिचा आशय होता. त्या वेळीं बनलेल्या रेडिओंच्या तबकडीवर या दोन स्थानीं लहान त्रिकोणी खुणा करण्याचा नियम होता. १९६३ मध्यें ही योजना रद्द होऊन 'आणीबाणी ध्वनिक्षेपण पद्धति' आली व खुणा करणेंही थांबलें. ज्यांच्या संग्रहीं त्या देशाचे जुने रेडिओ आहेत, त्यांनीं तबकडी अवश्य पाहावी. त्रिकोण असल्यास यंत्राचा काल दहा-बारा वर्षांच्या मर्यादेंत निश्चित करतां येतो. बाह्य लेख नसतांना वस्तूवरून कालनिर्णय करण्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

नव्या पद्धतीची परीक्षा २० फेब्रुवारी १९७१ रोजीं अनपेक्षितपणें झाली. त्या शनिवारीं सकाळीं नेहमींच्या चांचणीची फीत लावण्याऐवजीं खऱ्या आणीबाणीची फीत लागली. संदेश खरा असल्याची खूण म्हणून जो गुप्त शब्द ठरला होता तोही बरोबर गेला. शब्द होता 'हेटफुलनेस', म्हणजे द्वेषबुद्धि. तो संदेश रीतसर रद्द होण्यास सुमारें चाळीस मिनिटें लागलीं. परंतु पुष्कळ केंद्रांनीं, चांचणीची नेहमींचीच वेळ असल्यामुळें, त्याकडे लक्षच दिलें नाहीं. शिक्का खरा असूनही कागद खोटा असूं शकतो. आणि रोज तोच कागद येऊं लागला म्हणजे वाचणारा तो वाचीनासा होतो, हे दोन्ही धडे त्या एका सकाळीं मिळाले.

खोट्या इशाऱ्याइतकीच खोटी नोंदही घातक असते, हें येथेंच सांगणें योग्य होईल. जगांतील भीषण चक्रीवादळांच्या अनेक याद्यांतून ६ जून १८८२ रोजीं मुंबईस एक लाख माणसें दगावल्याची नोंद चालत आली आहे. अलीकडील संशोधकांनीं समकालीन साधनें तपासलीं तेव्हां अशा वादळाचा कांहींच पुरावा त्यांस मिळाला नाहीं. एकानें लिहिलें व दुसऱ्यानें उतरून घेतलें, एवढाच त्या नोंदीचा आधार. इशाऱ्याच्या यंत्रास जसा पडताळा लागतो, तसाच तो इतिहासासही लागतो.

५. हवामान-रेडिओची स्थापना

हवामानाचीच वार्ता अहोरात्र सांगणारीं सरकारी ध्वनिक्षेपण-केंद्रें १९५० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क व शिकागो येथें सुरू झालीं. त्यांचा उपयोग प्रथम वैमानिकांस व पुढें नाविकांस होत असे. ११ एप्रिल १९६५ रोजीं मध्य-पश्चिमेकडील संस्थानांत एकाच दिवशीं झालेल्या अनेक टॉर्नेडोंत अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. ३ व ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत तर १३ संस्थानांत १४८ टॉर्नेडो झाले व मृतांची संख्या तीनशेंच्या वर गेली. या घटनांनीं इशारा असूनही तो न पोंचण्याचा दोष उघड केला.

जानेवारी १९७५ मध्यें अमेरिकन सरकारनें असा निर्णय केला कीं, नैसर्गिक संकट असो वा अणुहल्ला असो, खाजगी घरांस थेट इशारा देणारी सरकारी रेडिओव्यवस्था ही एकच राहील, आणि ती म्हणजे हवामान-रेडिओ. हा निर्णय या विषयाचा मूळ दस्तऐवज समजावयास हरकत नाहीं. यापूर्वीं इशारा केंद्रास जाई व केंद्र तो लोकांस सांगे. आतां सरकार व गृहस्थ यांमधील मध्यस्थ निघून गेला.

ही व्यवस्था आजही चालू आहे. एक हजाराहून अधिक प्रक्षेपक १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात ठराविक स्थानांवरून बोलत असतात. सपाट मुलखांत एका प्रक्षेपकाचा आवाज सुमारें चाळीस मैल पोंचतो. डोंगराळ भागांत तो बराच कमी होतो. ही स्थानें साध्या रेडिओच्या पट्ट्यांत येत नाहींत, म्हणून ग्राहकयंत्र निराळेंच घ्यावें लागतें. प्रारंभीं हवामान कचेरींतील मनुष्य स्वतः बोलत असे. १९९७ पासून यंत्रनिर्मित आवाज वापरांत आला, व त्याच्या रुक्षपणाविषयीं तक्रारी झाल्यामुळें २००२ मध्यें अधिक मानवी वाटणारे आवाज योजिले गेले.

६. गोशेनची घटना

२७ मार्च १९९४ हा ख्रिस्ती लोकांचा पाम संडे नांवाचा सणाचा रविवार होता. अलाबामा संस्थानाच्या चेरोकी कौंटींत, पीडमाँट गांवाजवळील गोशेन येथील प्रार्थनामंदिरांत भाविक जमले असतां टॉर्नेडोनें तें मंदिर पाडलें व २० जण आंत मृत्यु पावले. दुःखाची गोष्ट ही कीं, हवामान कचेरीनें त्या भागासाठीं टॉर्नेडोचा इशारा वादळ तेथें पोंचण्यापूर्वीं दिलेला होता. भाकीत चुकलें नव्हतें, आळसही झाला नव्हता. कागद लिहिला गेला, शिक्का झाला, जासूद निघाला. पण ज्या दारीं जावयाचा तेथें तो घेणारें कोणीं नव्हतें.

या घटनेनंतर उपाध्यक्ष अल् गोर यांनीं हवामान-रेडिओ हा धुराची सूचना देणाऱ्या यंत्राइतका सर्वत्र आढळावा असा आग्रह धरिला, व प्रक्षेपकांची संख्या वाढवून देशाच्या सुमारें ९५ टक्के लोकसंख्येपर्यंत आवाज पोंचविण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. या रेडिओच्या इतिहासांत १९७५ चा निर्णय कागदावर झाला. तो घराघरांत नेण्याची निकड गोशेननें लावून दिली.

७. संदेशाचा मायना

प्रारंभींच्या यंत्रांत एकच युक्ति होती. संदेशापूर्वीं १०५० हर्ट्झचा एकसुरी आवाज येई व तो ऐकून यंत्र जागें होई. तोफेचा जो दोष तोच याचा: प्रक्षेपकाच्या टापूंतील कोठल्याही कौंटीस इशारा निघाला तरी सर्व यंत्रें ओरडत. चार वेळां निष्कारण झोंप मोडली म्हणजे पांचव्या वेळीं गृहस्थ यंत्रच बंद करून ठेवी.

यावर जो उपाय निघाला त्यास तिकडे 'सेम' म्हणतात. विशिष्ट क्षेत्रासाठीं संदेशाचें संकेतीकरण असा त्याचा अर्थ. १९८० नंतरच्या दशकांत त्याचे प्रयोग झाले, १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तो सर्वत्र आला, व १ जानेवारी १९९७ पासून जुन्या आणीबाणी पद्धतीच्या जागीं आलेल्या नव्या पद्धतीनेंही तोच स्वीकारला. प्रत्येक इशाऱ्याच्या आरंभीं कर्कश किरकिर ऐकूं येते, ती या मायन्याची होय. त्याचें वाचन असें करावें.

प्रथम 'झेड-सी-झेड-सी' हीं चार अक्षरें येतात. त्यांस अर्थ नाहीं. तारायंत्राच्या काळांत संदेशाचा आरंभ दाखविण्यासाठीं तीं वापरीत, व तारायंत्र गेल्यावरही तीं राहिलीं. लेखनपरंपरेंत जुनीं चिन्हें अर्थ हरपल्यावरही कशीं टिकतात, याची साक्ष येथें मिळते. त्यानंतर संदेश पाठविणाराचा वर्ग, मग घटनेचीं तीन अक्षरें. टॉर्नेडोचा इशारा असल्यास 'टी-ओ-आर', अकस्मात पुराचा असल्यास 'एफ-एफ-डब्ल्यू', साप्ताहिक चांचणी असल्यास 'आर-डब्ल्यू-टी'. पुढें सहा अंकीं स्थलसंकेत येतो. उदाहरणार्थ ००१०१९ यांत पहिलें शून्य म्हणजे संपूर्ण कौंटी, ०१ म्हणजे अलाबामा संस्थान आणि ०१९ म्हणजे चेरोकी कौंटी, जींत गोशेन आहे. पहिल्या शून्याच्या जागीं १ ते ९ पैकीं अंक असल्यास कौंटीचा कांहीं भागच अभिप्रेत असतो. नंतर संदेशाची मुदत, वर्षाचा कितवा दिवस व जागतिक प्रमाणवेळ, आणि शेवटीं पाठविणाऱ्या कचेरीचा संकेत. सर्व संदेश संपल्यावर 'एन' हें अक्षर चार वेळां येतें. हीहि तारायंत्राचीच खूण. आपल्या पत्रांतील लेखनसीमेचा शिक्का जें काम करी, तेंच ती करते. यापुढें कांहीं लिहिलेलें आढळल्यास तें या पत्राचें नव्हे.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास सर्वांत मनोरंजक वाटेल ती गोष्ट निराळीच आहे. हा मायना लागोपाठ तीन वेळां पाठविला जातो. वाटेंत विजेच्या कडकडाटानें एखादें अक्षर बिघडण्याचा संभव असतो, म्हणून तिन्ही प्रति ताडून पाहाव्या व दोन जुळल्या तर तो पाठ ग्राह्य धरावा, असें यामागील तत्त्व आहे. एकाच ग्रंथाच्या तीन पोथ्या समोर ठेवून पाठनिश्चय करणारा पंडित यापेक्षां निराळें काय करतो?

८. यंत्राची निवड

इतका इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे निवडीचे नियम आपोआप निघतात.

पहिला व मुख्य नियम हा कीं, 'सेम' संकेत वाचणारेंच यंत्र घ्यावें. पुष्कळ स्वस्त व सुटसुटीत यंत्रें सातही स्थानें ऐकवितात, पण मायना वाचीत नाहींत. तीं १०५० हर्ट्झच्या आवाजानेंच जागीं होतात किंवा मुळींच होत नाहींत. हातानें फिरवून चालणारीं यंत्रें प्रवासांत व दीर्घकाळ वीज गेल्यास उपयोगी पडतात. परंतु त्यांतील अनेकांत हा संकेत नसतो, म्हणून उशाशीं ठेवण्याच्या यंत्राची जागा त्यांस देऊं नये. जुनीं यंत्रें संग्रहास भूषण आहेत. रक्षणाचा भार मात्र त्यांजवर टाकूं नये.

दुसरा नियम, भिंतींतील विजेवर चालणाऱ्या यंत्रांत बॅटरीची सोय असावी, कारण वादळ व वीज जाणें या गोष्टी बहुधा एकत्र येतात. तिसरा, कोणत्या घटनांसाठीं ओरडावें व कोणत्यांसाठीं नाहीं हें ठरविण्याची मुभा असावी. चौथा, बाहेरून आकाशतार जोडण्याची जागा असावी. लोखंडी सांगाड्याच्या किंवा तळघराच्या घरांत तिच्यावांचून भागत नाहीं. पांचवा, घरांत कोणास ऐकूं येत नसल्यास लुकलुकणारा दिवा किंवा उशीखालीं ठेवण्याचें थरथरणारें साधन जोडतां यावें. उत्पादकांच्या मान्य कसोटीस उतरलेल्या यंत्रांवर 'पब्लिक अलर्ट' ही खूण असते. ती पाहून घेतल्यास यांतील बहुतेक गोष्टींची खात्री होते.

९. मांडणी

यंत्र घेतलें म्हणजे काम संपलें असें समजणें हा सर्वांत मोठा प्रमाद होय. संकेत न भरलेलें यंत्र बहुधा सर्वच कौंटींचे इशारे घेतें, व मग तोफेचा तोच जुना दोष पुनः उत्पन्न होतो.

प्रथम यंत्र निजावयाच्या खोलींत, शक्य तर खिडकीजवळ, इतर विद्युत्-यंत्रांपासून दूर ठेवावें. मग सात स्थानांपैकीं एक निवडावें. येथें एक चूक वारंवार होते ती अशी कीं, ज्याचा आवाज सर्वांत स्वच्छ तें स्थान लोक पसंत करितात. वस्तुतः आपल्या कौंटीचे इशारे ज्या प्रक्षेपकावरून निघतात तोच घेतला पाहिजे. शेजारचा प्रक्षेपक कितीही स्वच्छ ऐकूं आला तरी तो आपल्या गांवाचें नांव घेईलच असें नाहीं. कोणत्या कौंटीस कोणता प्रक्षेपक, याची यादी हवामान खातें प्रसिद्ध करतें.

नंतर आपल्या कौंटीचा सहा अंकीं संकेत भरावा. तेथील टॉर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात, म्हणून ज्या बाजूनें वादळें येतात तिकडील एक-दोन कौंटींचेही संकेत भरल्यास पूर्वसूचना मिळते. याहून अधिक भरण्याचा मोह टाळावा. मग अनावश्यक घटना गाळाव्या, पण टॉर्नेडो व अकस्मात पूर यांस हात लावूं नये. घड्याळ लावावें, बॅटरी घालावी, व वर्षांतून एकदां तरी ती बदलावी.

शेवटचें काम म्हणजे पडताळा. साप्ताहिक चांचणी सामान्यतः बुधवारीं होते. हवा बिघडलेली असल्यास ती पुढें ढकलतात. आपलें यंत्र त्या चांचणीची नोंद दाखवितें कीं नाहीं हें पाहावें. लागोपाठ दोन-तीन आठवडे नोंद न आल्यास यंत्र, जागा किंवा संकेत यांपैकीं कांहींतरी चुकलें आहे असें समजावें. घर बदलल्यास संकेतही बदलावा. आपले जे मराठी बांधव टेक्सास, ओक्लाहोमा, इलिनॉय इत्यादि संस्थानांत राहतात, त्यांपैकीं नव्यानें गेलेल्यांस कौंटी ही कल्पनाच अपरिचित असते. पत्त्यांत शहराचें नांव येतें, कौंटीचें येत नाहीं. इशाऱ्यांत मात्र कौंटीचेंच नांव येतें. तें नांव व आसपासच्या कौंटींचीं नांवें त्यांनीं पहिल्याच दिवशीं पाठ करावीं.

एक मर्यादा येथें सांगितली पाहिजे. १ ऑक्टोबर २००७ पासून तेथील खातें इशारा संपूर्ण कौंटीस न देतां वादळाच्या संभाव्य मार्गावर नकाशांत आंखलेल्या बहुभुजास देतें. रेडिओ मात्र अद्याप कौंटीच्या संकेतावर जागा होतो. म्हणून यंत्र ओरडलें म्हणजे संकट आपल्याच दारीं आहे असें नव्हे. पुढील बोललेला मजकूर पूर्ण ऐकावा व मग आसरा घ्यावयाचा कीं नाहीं तें ठरवावें.

१०. आक्षेप व उत्तर

आतां खिशांतील दूरध्वनीवरच इशारे येतात, मग या यंत्राचें प्रयोजन काय, असा आक्षेप कोणीं घेईल. अमेरिकेंत २०१२ पासून दूरध्वनीवर असे इशारे येतात, व हिंदुस्थानांतही २०२३ मध्यें त्यांच्या चांचण्या झाल्या, हें खरें. पण दूरध्वनीचे मनोरे वाऱ्यानें पडतात, त्यांची वीज जाते, व दूरध्वनी दुसऱ्या खोलींत राहतो. उलट रेडिओचा प्रक्षेपकही बंद पडूं शकतो. यास्तव एकावर विसंबूं नये हेंच खरें उत्तर. एकाच प्रतीवर ग्रंथ छापणारा संपादक आणि एकाच साधनावर जीव ठेवणारा गृहस्थ हे दोघेही सारखेच साहस करितात.

आपल्याकडे घरगुती हवामान-रेडिओ रूढ झाला नाहीं, परंतु त्याचें तत्त्व अगदींच अपरिचित नाहीं. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं आंध्रच्या किनाऱ्यावर दिविसीमा भागांत आलेल्या चक्रीवादळांत दहा हजारांच्या आसपास माणसें गेलीं. पुढें १९८३ मध्यें इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशांत गेल्यावर त्या दशकांत किनारपट्टीवरील ठराविक ठिकाणीं अशीं ग्राहकयंत्रें बसविण्यांत आलीं कीं, विवक्षित भागाच्या संकेतानें तेवढींच जागीं व्हावीं, त्यांचा भोंगा वाजावा व मग स्थानिक भाषेंत संदेश ऐकूं यावा. पत्ता वाचून दार ठोठावण्याचीच ही रीत. फरक इतकाच कीं दार घराचें नसून कचेरीचें होतें.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हें पुणेकर वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व त्यापाठोपाठ खडकवासला येथील धरण फुटून मुठेचें पाणी पेठांत शिरलें, तेव्हां घरांबरोबर घरांतील पोथ्या व दप्तरेंही गेलीं. माणसास घटकाभराची सवड मिळाली तर तो आधीं मुलांस उचलतो; आणखी घटका मिळाली तर रुमाल उचलतो. इशारा व पाणी यांमधील हें जें अंतर, तेंच आपल्या संग्रहांचें आयुष्य होय.

११. उपसंहार

वरील विवेचनावरून असें दिसून येईल कीं, या यंत्राचा इतिहास हा रेडिओच्या प्रगतीचा नसून पत्त्याच्या प्रगतीचा आहे. तोफेला पत्ता नव्हता, बावट्याला नव्हता, १०५० हर्ट्झच्या आवाजालाही नव्हता. सहा अंक आले, आणि इशारा प्रथमच विशिष्ट दारीं जाऊं लागला. गोशेन येथील वीस माणसांस जें मिळालें नाहीं, तें हेंच.

ज्यांच्याकडे असें यंत्र असेल त्यांस आमची एक विनंती आहे. आपल्या प्रक्षेपकाचें स्थान, कौंटीचा संकेत व बॅटरी बदलल्याची मित्ति एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या तळाशीं चिकटवावी. घरांतील दुसऱ्या कोणास यंत्र पुनः लावावयाचें झाल्यास तिचा उपयोग होईल. आणि पुढेंमागें तें यंत्र एखाद्या संग्राहकाच्या हातीं आलें, तर तें कोणाच्या उशाशीं, कोणत्या मुलखांत व कोणत्या काळीं जागत होतें, हें त्या चिठ्ठीवरून त्यास वाचतां येईल.